थांबा, तिचं येतंय

बाई, तुमच्या दहाव्याला कावळा शिवला नाही. घरचे म्हणतील, शिवला की, ठेवल्याबरोबर शिवला. पण मी बघितलंय.

इथं पंजाबात, जालंधरच्या बाजूला, बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजमागच्या आमच्या खोलीत बसून बघितलं. माझा धाकटा भाऊ संतोष, त्यानं व्हिडिओ कॉल लावून फोन उंच धरला होता. हाताला रग लागली की तो फोन खाली घ्यायचा आणि मला नुसत्या लोकांच्या चपला दिसायच्या. ओढ्याकाठचा घाट माणसांनी भरला होता. प्रवचन झालं, मग माइकवर श्रद्धांजली सुरू झाली. आपल्याकडं दहाव्याला पुढारी कुठून कुठून येतात ते तुम्हाला माहीत आहेच. मंचरहून आले, सोसायटीचे आले, पतसंस्थेचे आले. प्रत्येकानं तुमच्या नावामागं ‘मातोश्री’ लावलं. एकानं तर बोलता बोलता अंगणवाडीचं हायस्कूल करून टाकलं. दुसरा म्हणाला, बाईंनी आम्हाला मुळाक्षरं गिरवायला शिकवली. मला त्या दिवसातलं पहिलं हसू आलं. तुम्ही आणि मुळाक्षरं! आपलं भांडण तर त्याच्यावरूनच होतं. जी बाई जन्मभर पोरांना बोलतं करून स्वतः गप्प बसली, तिच्यावर माणसं ऊन डोक्यावर येईपर्यंत बोलत राहिली.

मग पिंड ठेवला आणि सगळे मागं सरले. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या बाभळीवर बसले होते. पण खाली काही उतरेनात. मग सुरू झालं.

“आये, म्हस न्हाई इकणार,” तुमचा मुलगा म्हणाला.

“नातवाच्या शिक्षणाची काळजी करू नगा,” त्याचे सासरे.

“अंगणवाडीला नवी खोली बांधून देतो, बाई. शब्द हाय माझा,” माइकवाल्यांतले एक जण.

तेवढ्यात एक कावळा उडाला आणि पलीकडच्या शेतात गेला. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “खोलीचं ऐकून त्यो बी पळाला राव.” दोघं-तिघं हसले. तुम्ही असतात तर पदर तोंडाला लावून हसला असतात.

संतोषनं फोन तोंडाजवळ घेतला. “ताई, तुझं काय सांगायचं ऱ्हायलंय का? फोन पिंडापाशी नेतो.”

मी म्हणाले, “नको.”

मला माहीत होतं, बाई, तुमचं मन कशात अडकलं असेल. म्हशीत नाही आणि खोलीतही नाही. माझ्या पोरीच्या, ईशूच्या बोलण्यात. मी नुसतं एवढं म्हणायला हवं होतं, की बाई, तिचं बोलणं मी थांबू देणार नाही. तरी मी नको म्हणाले. का, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला झोप लागत नाही, म्हणून हे लिहितेय.

पुढं काय झालं ते सांगून टाकते. जेवणं खोळंबली होती. “चला, दर्भाचा करू,” कुणीतरी म्हणालं. गवताचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि माणसं अंग झटकत उठली. अजून थोडं थांबायला हवं होतं. त्या कावळ्यांचं येत होतं.

*

लहानपणी तुमच्याकडं मी आले तेव्हा अंगणवाडीला सगळे बालवाडीच म्हणायचे. लोणीच्या पुढं आमची वस्ती, शाळेला चिकटून तुमची एक खोली, पुढं पायऱ्या. मी बोलायला फार सावकाश. आई सगळ्यांना सांगायची, ही मुकी निघती का काय. तुम्ही एकदा तिला दारातच अडवलंत. “आवो, मुकी न्हाई ती. तिचं येतंय. थांबा जरा.” जसं नळाला पाणी यायचं असतं आणि बाई हंडा लावून उभी असते, तसं तुम्ही म्हणायच्या. येतंय. पाणी येणारच आहे, आपण फक्त हंडा काढून घ्यायचा नाही.

मोठ्या शाळेत हंडा लावून उभं राहायला कुणाला वेळ नव्हता. गुरुजी वाईट नव्हते, वर्ग मोठा होता. प्रश्न आला की माझं उत्तर निघायचं, घशापर्यंत पोचायचं, तोवर “बस खाली, पुढची.” आठवीत मी खाली बसले ती बसलेच. शाळा सोडली तेव्हा घरात कुणी आरडाओरडा केला नाही. तुम्ही तेवढ्या आलात. मला वाटलं आता बोलणी बसणार. तुम्ही ओट्यावर बसलात आणि माझ्याबरोबर भुईमुगाच्या शेंगा फोडत राहिलात. उठताना म्हणालात, “तुझं यायला येळ लागतो. पण येतं ते पक्कं येतं.”

हे माझ्याविषयी आजवर कुणी बोललेलं सगळ्यात चांगलं वाक्य आहे. मी ते अजून कुणाला सांगितलेलं नाही.

*

ईशू तिसऱ्या वर्षी तुमच्याकडं आली तेव्हा माझा पदर सोडायची नाही. म्हणून मी सुरुवातीचे महिने रोज दारात बसायचे, मटार सोलत नाहीतर लसूण निवडत. तुमचं काम तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. बाकीची पोरं मदतनीस मावशीकडं गाणी म्हणत बसायची आणि तुम्ही चार-पाच जणांना घेऊन पायरीवर यायच्या. मधे सूप. सुपात त्या दिवशी जे हाताला लागलं असेल ते. कधी शेंगा, कधी कुलूप, कधी कोंबडीची पिसं.

आपल्याकडं गोष्ट सांगणाऱ्याला ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असतो. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. घरोघरी म्हातारी माणसं गोष्ट सांगतात आणि पोरं हुं म्हणतात. तुमच्या पायरीवर उलटं होतं. पोरं सांगायची आणि तुम्ही हुं म्हणायच्या.

एक दिवस सुपात कांदे होते. शेजारच्या ओमकारनं त्यातला एक उचलून नाकाला लावला.

“बाई, ह्यो सडलाय.”

“हुं. कशावरनं?”

“वास मारतोय.”

“हुं. कसला वास?”

“आमच्या आज्याच्या बनेलचा.”

मी दारात हसू दाबलं. तुमच्या चेहऱ्यावर रेष हलली नाही. “मग आजा पण सडला का काय?”

ओमकारनं विचार केला. “न्हाई. आजा नुसता घामलाय.”

“हुं,” तुम्ही म्हणालात, अगदी सरपंचाचं म्हणणं ऐकावं तशा. मग ईशूकडं वळलात. “ईशू, पण कांदा आतनं सडला आसंल, भायेरनं चांगला दिसत आसंल, तर गं? कसं कळायचं?”

ईशू कांद्याकडं बघत बसली. ओमकार गुडघ्यावर उठला. “बाई मी सांगतो, मी सांगतो!” माझ्या तोंडावर उत्तर आलं होतं, दारातनं मीच ओरडणार होते. तुम्ही दोघांनाही हात दाखवलात. “थांबा. तिचं येतंय.”

किती वेळ गेला कुणास ठाऊक. रस्त्यानं कांद्याचा एक ट्रॅक्टर आला, आवाज करत लांब गेला, तरी तुम्ही तिच्याकडंच बघत होतात. आणि मग माझी पोरगी म्हणाली, “दाबायचा. रुसलेला आसला तर मऊ लागतो.”

“हुं,” तुम्ही म्हणालात. “आणि माणूस रुसलेलं आसलं तर?”

त्या दिवशी ती पायरीवर बोलत सुटली. घरी येईपर्यंत बोलत होती. रुसलेला कांदा, रुसलेली आत्या, रुसलेली मोटर जी बटण दाबूनही पाणी देत नाही. मी रडले बाई, चुलीपाशी, धुराचं निमित्त करून.

आणि तरी तुमच्याशी भांडले. वस्तीवर मंचरच्या इंग्रजी नर्सरीची गाडी यायला लागली होती. टाय लावलेली पोरं ए बी सी म्हणत उतरायची. बायका म्हणायच्या, बाईंच्या अंगणवाडीत नुसत्या गप्पा. मी तुम्हाला म्हणाले, “बाई, गप्पा मारून पहिलीत कोण उभं करणार तिला? लिवायला शिकवा काहीतरी.”

तुम्ही सुपातला कचरा पाखडत म्हणालात, “लिवंल की. आधी सांगायला काय तरी आसूं दे तिच्याकडं.”

“आणि ऐकायला कोण हाय पुढं? सगळ्याच बाई न्हाईत तुमच्यासारख्या.”

तुम्ही पाखडायच्या थांबलात. मला वाटलं आता एखादं मोठं वाक्य ऐकायला मिळणार. तुम्ही म्हणालात, “ते मलाबी कळत न्हाई गं. कधी कधी रातच्याला वाटतं, मी ह्या लेकरांना उगंच सवय लावती.”

ते भांडण तिथंच राहिलं, सुपासारखं पायरीवर ठेवलेलं.

*

मग संक्रांतीच्या सुमाराला तुम्हाला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सगळे शब्द गेले आणि एवढं एकच राहिलं, हुं. देवानं काय बघून ठेवलं असेल?

माणसं भेटायला यायची. वाचा गेली म्हणजे कानही गेले अशी सगळ्यांची समजूत. “बाईऽऽ, जेवला काऽऽ? हां, जेवल्या, जेवल्या.” “मला वळखलं काऽऽ? वळखलं बघा, वळखलं.” प्रश्न तेच विचारायचे, उत्तर तेच द्यायचे आणि चहा पिऊन जायचे. मीही काय वेगळं केलं? “बाई, बरं वाटतंय ना? वाटणारच,” असंच म्हणाले. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. ती नजर मला पुरेल.

ईशू मात्र खाटेच्या कडेला बसली आणि तुम्ही रोज सकाळी पोरांना विचारायच्या ते विचारलं तिनं. “बाई, आज काय दिसलं?”

तुमची सून म्हणाली, “आगं बाळा, त्यांना न्हाई बोलता येत.”

“थांबा. त्यांचं येतंय.”

मग आम्हाला थांबावंच लागलं. सून हातात कप घेऊन उभी, मी उंबऱ्यात. तुमचे ओठ हलले. गळ्याची शीर ताठ झाली. डाव्या डोळ्यातनं पाणी आलं आणि उशीवर गेलं. आलं काही नाही. तरी ईशू हलली नाही, आणि शेवटी, तुम्ही काहीतरी सांगून संपवल्यासारखी, ती म्हणाली, “हुं.”

*

उन्हाळ्यात आम्ही इकडं आलो. मंचरच्या शेठजींना बियाण्याचा बटाटा बघून घ्यायला, गाड्या भरून द्यायला इथं कायमचा माणूस हवा होता, म्हणून ईशूचे पप्पा आले आणि मागोमाग आम्ही. मी शेडमध्ये बटाटे निवडते. काम वाईट नाही, माणसंही वाईट नाहीत. भाषा मात्र माझ्या अंगावरनं पाण्यासारखी जाते. दुकानात मी बोटानं दाखवते. आठवीपर्यंत जे हिंदी शिकले ते टीव्हीतल्या हिंदीत मिसळून कसंबसं चालवते, आणि प्रत्येक वाक्य आधी मनात म्हणून बघते.

दर रविवारी ईशू तुम्हाला फोन लावायची. सून फोन तुमच्या कानाला धरायची. मी भांडी घासत ऐकायचे.

“बाई, हितल्या आजोबांचे फेटे बघा तुमी, केवढे! आणि फेट्यात ना, ते कंगवा ठेवत्यात.”

“हुं.”

“बाई, हितं बटाट्यांना थंडी वाजती. त्यांना बर्फाच्या घरात कोंडून ठेवलंय.”

“हुं.”

“बाई, हितं डोंगरच न्हाई एकपण. मग सूर्य कशाच्या मागं जातो?”

त्यावर तुमचा हुं उशिरा आला. तुम्ही विचार करत होतात हे पंजाबातल्या मोरीत बसून मला कळलं.

आठवडाभरात तिच्या तोंडून मोकळं निघणारं तेवढंच. कारण शाळेत ती एक शब्द बोलत नाही. जवळच्या एका शाळेत घातलंय. मॅडम तरुण आहेत, जीव लावतात, ईशूच्या वेण्याही घालून देतात कधी. पण वर्ग भरगच्च. रांगेनं विचारत जातात, नाव काय, रंग कुठला, फळ कुठलं. ईशू मान वर करते तोवर मॅडम पुढच्या बाकावर. मला बोलावून म्हणाल्या, “बच्ची गूंगी तो नहीं है ना जी? घर पे बोलती है?” मी सांगायला गेले, की बोलती है, बहुत बोलती है, बस थोडा रुको. माझं घशापर्यंत आलं. तोवर त्यांना कुणीतरी हाक मारली.

पुढच्या वर्षी पहिलीत घ्यायचं का पुन्हा खालीच बसवायचं, ते तिच्या बोलण्यावर ठरणार आहे. खाली बसणं काय असतं ते मला माहीत आहे, बाई. माणूस एकदा बसला की उठत नाही.

म्हणून ते पायरीवरचं भांडण मी रोज मनात पुढं चालवते. तुम्हाला वाईट वाटेल असं बोलते, पण बोलते. तुम्ही तिला सवय लावलीत. कुणीतरी थांबेल या भरवशावर ती गप्प बसून वाट बघते, आणि थांबणारं कुणी नाही. नर्सरीच्या गाडीत बसली असती तर तीही पटकन ‘रेड’, ‘ॲपल’ म्हणून मोकळी झाली असती. असं म्हणते आणि लगेच तुमच्या पाया पडते मनातल्या मनात. कारण रुसलेला कांदा तिला नर्सरीच्या गाडीत सापडला नसता. दोन्ही खरं आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, मलाबी कळत न्हाई गं. तेवढं ऐकलं असतं तरी पुरलं असतं.

*

तुम्ही गेल्याचं संतोषनं सांगितलं त्यानंतरचा रविवार. ईशूनं फोन आणून माझ्या मांडीवर ठेवला. “लाव.”

मी सांगितलं, बाई देवाघरी गेल्या.

“फोन घेऊन गेल्या का ठिऊन?”

“ठिऊन.”

ती बराच वेळ फोनकडं बघत राहिली. मला धीर धरवेना. म्हणाले, “मला सांग ना बाळा. मी हुं म्हणते. बाईंसारखं.”

तिनं सांगायला सुरुवात केली. शाळेच्या भिंतीवर एक मांजर येतं, त्याचा एक कान... मी म्हणाले, हुं. ते मांजर डब्याच्या वेळेला... हुं, हुं. ती थांबली. मी म्हणाले, “मग? मग काय झालं? डबा खाल्ला का त्यानं?”

ती म्हणाली, “आई, तू आधीच हुं म्हणतीस. माझं व्हायच्या आधी.”

आणि फोन कोनाड्यात ठेवून निजायला गेली.

ती खरं बोलली. माझा हुं भीतीचा आहे. बोल गं बाई, लवकर बोल, नाहीतर तुला खाली बसवतील, असा तो हुं आहे. मी जिवाला लावून शिकायला बघितलं. मनात अंक मोजले, जीभ दातांखाली धरली, तिच्याकडं न बघता बटाटे निवडत बसले. तिला लगेच कळतं. आता ती मांजराविषयीही सांगत नाही. घरातही मानेनं हो, मानेनं नाही. ईशूचे पप्पा म्हणतात, नवी जागा आहे, होईल. होईल म्हणणारी माणसं मला आवडतात, पण माझा विश्वास बसत नाही. मी या वाटेनं जाऊन आलेली आहे.

म्हणून घाटावर मी नको म्हणाले, बाई. नवी खोली देतो म्हणणारे देवोत. मला तुमच्या पिंडापुढं खोटं बोलवेना.

*

काल संध्याकाळी शेड सुटल्यावर तिला घेऊन मागच्या पायरीवर बसले. समोर सपाट शेतं, लांबवर एक ओळ झाडांची, बाकी काही नाही. सूर्य खाली चालला होता. मी तुमचाच प्रश्न काढला, जो तिनं तुम्हाला विचारला होता आणि ज्याचं उत्तर तुमच्याकडून यायचं राहून गेलं.

“ईशू, हितं डोंगर न्हाई. मग सूर्य कशाच्या मागं जात आसंल गं?”

आणि मी थांबले. खरी थांबले. कुकर लावायचा होता, लावला नाही. ईशूचे पप्पा दारात आले, त्यांना हातानंच खूण केली. सूर्य झाडांना टेकला, मग अर्धा राहिला, मग गेला. शेडचे दिवे लागले. ईशू तिकडंच बघत होती. एकदा तिनं श्वास घेतला, बोलायच्या आधी माणूस घेतो तसा. मी हाताची मूठ आवळून धरली. तिनं तो श्वास सोडून दिला.

मग ती उठली, फ्रॉक झटकला आणि आत गेली.

मी तिथंच बसले होते. आज परत बसणार आहे. येईल असं वाटत नाही. पण मला दुसरं काही येत नाही, आणि हे एवढं तुम्ही दिलेलं आहे.

झालं. सगळं सांगितलं तुम्हाला, कावळ्यापासून. एवढं लांबलचक मी आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं. आणि बाई, मधे तुम्ही एकदाही हुं म्हणाला नाहीत.